ओळख न देणारी हार्ड डिस्क

घरात संगणक आला, माझ्या बायकोने, सोनियाने, आपला प्रबंध त्यात उतरवला, आणि मग मी सर्वांत आधी कोणतं काम केलं असेल, तर त्या प्रबंधाची हाताने लिहिलेली पानं रद्दीवाल्याला घातली. साल सत्त्याण्णव उजाडलं होतं, जमाना बदलत होता, आणि घरात एवढं यंत्र असताना कागदांचा पसारा कशाला, असं माझं म्हणणं होतं. हे म्हणणं मी त्या वेळी बऱ्यापैकी मोठ्या आवाजात मांडलं. सोनिया म्हणाली, "अहो, निदान सगळं फ्लॉपीत तरी घेऊन ठेवू." मी हसलो. फ्लॉपी ही लिबलिबीत वस्तू. ही डिस्क तर नावातच हार्ड. माणसाने विश्वास टाकावा तर कठीण वस्तूवर टाकावा, असं काहीतरी बोलून मी चहा मागितला.

संगणक मी आणला होता साताऱ्याच्या एमआयडीसीत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावातून. मी सरकारी कचेरीत हेड क्लार्क. लिलावाची जाहिरात दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. मागे अशाच एका लिलावातून मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची आणली होती. ती अजून आमच्या गॅलरीत आहे, आणि तो विषय घरात काढायचा नाही असं आमचं ठरलं आहे. संगणक मात्र सोनियासाठी आणला होता, त्यामुळे त्याबद्दल ती मला बोलू शकत नव्हती. निदान तोवर तरी नव्हती.

सोनियाचं माहेर जत तालुक्यात, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागे हिंडलेले. वडील, म्हणजे माझे सासरे बिराप्पा, शेतीत स्थिरावले. त्या घरातली सोनिया ही पहिली एम. ए. आणि आता पीएच. डी. करत होती ती आपल्याच आत्याच्या ओव्यांवर. या धोंडुबाई आत्याला किती ओव्या पाठ होत्या ते तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. सोनियाने आधी टेपरेकॉर्डर नेला होता. आत्याने त्याच्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. "आवाज येंतरात गेला की गळ्यातनं जातोय," असं तिचं ठाम मत होतं. मग सोनिया उन्हाळ्यामागून उन्हाळे तिच्याजवळ बसून एकेक ओवी हाताने उतरवून घेत राहिली. गेल्या वर्षापासून आत्याचा घसा धरू लागला, म्हणताना मधेच अडखळायला लागली, पुढचा चरण आठवेना. हाताने उतरवलेली पानं मी रद्दीत घातलेली. म्हणजे त्या ओव्या आता जगात एकाच ठिकाणी होत्या, माझ्या कठीण डिस्कमध्ये. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी प्रबंध विद्यापीठात दाखल करायचा होता.

दसरा झाला आणि एका सकाळी सोनियाने संगणक चालू केला. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक इंग्रजी वाक्य उमटलं. त्याचा सरळ मराठी अर्थ असा होता की, तुमची हार्ड डिस्क मी ओळखत नाही.

मी बंद करून पुन्हा चालू केला. ओळखत नाही. प्लग काढून घातला. ओळखत नाही. वरून दोन थापट्या मारल्या. आमचा जुना रेडिओ याच उपचाराने बरा व्हायचा. ओळखत नाही. पडद्यावर एका बाजूला तारीख दिसत होती, एक जानेवारी १९८०. सोनियाने तिच्यावर बोट ठेवलं. "अहो, हा अजून ऐंशी सालातच आहे. तेव्हा ही डिस्क जन्मालाही आली नव्हती. ओळखणार कशी?"

आता इथे माझ्या डिस्कचा जीव टांगणीला लागला होता आणि हिला विनोद सुचत होते. मी म्हटलं, "तारखेचा काय संबंध? आमच्या कचेरीतलं कॅलेंडरही मागच्या वर्षीचं आहे. काम अडलंय का?" सोनिया स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ नुसता वाहत राहिल्याचा आवाज आला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला भीती वाटली ती तेव्हा.

पहिली मदत आली ती शेजारून. मानसिंग सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, मूळचे कोरेगावकडचे. सिग्नल तुकडीत होते, म्हणून तारा असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांचा अधिकार चालतो. मी त्यांना सांगितलं, की संगणक डिस्कला ओळखत नाही. त्यांचे डोळे चमकले.

"मग वळखपरेड घ्या की! जवान वळखीचा न्हाई म्हटल्यावर काय करत्यात? समदी लायनीत हुबी करायची. कोण कुटला त्यो आपसूक कळतोय."

आणि त्यांनी खरंच परेड घेतली. संगणकाची पेटी उघडून आतले भाग काढून आमच्या जमिनीवर वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. प्रत्येकाला रंगाच्या ब्रशने झाडलं. पंख्याकडे पाहून "ह्यो जरा सुस्त हाय" असा शेराही मारला. मग सगळं परत आत बसवलं. परेडनंतर जमिनीवर एक स्क्रू उरला. सुभेदार म्हणाले, "त्यो रिझर्वमदी ऱ्हाऊ द्या." संगणक चालू केला. त्याने डिस्कला ओळखलं नाहीच, शिवाय आता तो शिटी वाजवायला लागला. सुभेदारांनी त्यालाही सलामी समजून मान डोलावली.

दुसरी मदत आली कचेरीतून. माझे सहकारी दादासो हे सांगलीकडचे, आणि त्यांचं संपूर्ण आयुष्य ओळखींवर उभं आहे. गॅसचा नंबर, रेल्वेचं रिझर्व्हेशन, दवाखान्यातली खाट, कुठेही त्यांची ओळख निघते. मी त्यांना एवढंच सांगितलं, की ओळखत नाही म्हणतो.

"नाथाजी, वळखीबिगर आजकाल काय हुतंय व्हय गड्या?" ते खुर्ची ओढून म्हणाले. "सांगलीत विश्रामबागला आमच्या साडूच्या चुलत मेव्हण्याचा दोस्त हाय, राजरत्न म्हणून. कॉम्प्युटरचा क्लास चालवतोय. माझं नाव सांगा फकस्त. दार उघडायच्या आदी डिस्क सुरू हुतीया बगा."

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला की इथे ओळख म्हणजे तसली ओळख नव्हे. पण जसजसा मी बोलत गेलो तसतसं मलाच वाटू लागलं, की नसेल कशावरून? चाळीस वर्षांत माझं कुठलं काम ओळखीशिवाय झालं होतं? यंत्रं तरी शेवटी माणसांच्यातच राहतात.

तर मी डिस्क काढली. सोनियाच्या जुन्या सुती साडीत गुंडाळली, पुरणपोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवली आणि सांगलीची एसटी धरली. डबा मांडीवर घेऊन मी साताऱ्यापासून बसलो ते हललो नाही. शेजारच्या बाईंनी कराडजवळ विचारलं, "लेकीकडं निघालाय जनू?" मी हो म्हटलं. खरं सांगायला फार वेळ लागला असता. कंडक्टरने मात्र डब्याकडे बघून, खायचं असंल तर उघडा, पुढं खड्डे हायत, असा प्रेमळ सल्ला दिला.

राजरत्नचा क्लास पहिल्या मजल्यावर होता. तो इंजिनिअर, तिशीतला, शांत माणूस. मी डबा टेबलावर ठेवून मोठ्या विश्वासाने म्हणालो, "दादासोंनी पाठवलंय."

"कोण दादासो?"

मी साडूपासून मेव्हण्यापर्यंत सगळी साखळी सांगितली. राजरत्नने डोळे बारीक करून आठवून पाहिलं, मग म्हणाला, "सर, मला तर कुणी आठवत नाही. पण डिस्क बघतो ना. त्याला काय होतंय." त्याने ती आपल्या एका संगणकाला जोडली. दोन-चार बटणं दाबली. आणि पडद्यावर एकामागून एक नावं आली. प्रकरण एक. प्रकरण दोन. ओव्या. ओव्या नवीन. परक्या गावात, परक्या यंत्राने, कसलीही ओळख नसताना माझ्या डिस्कला ओळखलं होतं!

"ठणठणीत आहे की," राजरत्न म्हणाला. "कॉपी घेऊ या?"

आणि तेवढ्यात लाईट गेली. खालून कुणीतरी ओरडलं, की आज दुरुस्तीचा वार आहे, संध्याकाळपर्यंत येत नाही. राजरत्न म्हणाला, थांबा किंवा ठेवून जा. पण मला डिस्क सोडवेना. ठणठणीत आहे म्हटल्यावर कॉपीची काय घाई? मी एसटीडी बूथवरून घरी फोन लावला आणि आनंदाने ओरडलो, "ओळखली!"

"कॉपी घेतलीत का?" सोनियाने विचारलं.

बूथवाल्याने नंतर मला सांगितलं, की मी बराच वेळ काही न बोलता उभा होतो आणि मीटर चालूच होता.

साताऱ्यात परत येऊन डिस्क बसवली. ओळखत नाही. सांगलीत हिने सगळ्यांशी गप्पा मारल्या, साताऱ्यात ओळख द्यायला तयार नाही. मोठ्या हुद्द्यावर गेलेले काही लोक असे असतात; लग्नात भेटले की खांद्यावर हात टाकतात आणि त्यांच्या कचेरीत गेलं की विचारतात, "आपण कोण?" पण हे यंत्र, त्याला कसला आलाय हुद्दा. मी अक्षरशः त्याच्यापुढे हात जोडले. सोनिया दाराशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "डिस्क सांगलीत बोलते आणि इथे बोलत नाही, म्हणजे दुखणं डिस्कला नाही. पेटीलाच आहे. अख्खी पेटी घेऊन जाऊ. आणि या वेळी मी येते."

या वाक्यातला तर्क बिनतोड होता, म्हणूनच मला तो फार लागला. मी नुसतं "तेच मी म्हणणार होतो," असं म्हणालो.

दुसऱ्या खेपेला अख्खी पेटी, साडीत आणि वर चादरीत बांधलेली. कंडक्टर नेमका तोच. त्याने मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "आवं, डबा लयच वाढला की ओ?" मग लगेजचं तिकीट फाडलं. आम्ही शेवटच्या बाकावर पेटी मधे घेऊन बसलो. प्रत्येक खड्ड्याला सोनिया पेटीवर दोन्ही हात ठेवायची आणि मी सोनियाच्या हातांवर. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासातसुद्धा आम्ही इतके जवळ बसलो नव्हतो.

सांगली शहराअलीकडच्या जकात नाक्यावर गाडी थांबली. एरवी तिथला माणूस खिडकीतून डोकावतो आणि जाऊ देतो. आज तो वर चढला, शेवटच्या बाकापर्यंत आला आणि चादरीवर टकटक केली.

"हे काय हाय?"

"संगणक."

"नवा का वापरलेला? नव्याला जकात हाय. वापरलेल्याला न्हाई."

"वापरलेला आहे."

"मग चालू करून दावा."

"चालू होत नाही म्हणूनच तर आणलाय."

"चालूच झाला न्हाई म्हंजे वापरला कवा? नवाच की मग!"

मी सरकारी नोकर आहे. असा युक्तिवाद मी स्वतः आयुष्यभर लोकांना ऐकवला आहे. पण समोरून ऐकायला मिळाला की किती लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. आम्हाला पेटीसकट खाली उतरवण्यात आलं. गाडी थोडी थांबली, मग निघून गेली. मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हणालो, "दादासोंची आणि आमची चांगली ओळख आहे."

"दादासो लय हायत हितं," नाकेदार म्हणाला. "माझा साहेबबी दादासोच हाय. सांगा, आत काय हाय?"

मी भाग मोजायला सुरुवात करणार होतो. पण सोनिया पुढे झाली आणि माहेरच्या बोलीत म्हणाली, "ओव्या हायत, दादा."

"ओव्या? ह्येच्यात?"

"माझ्या आत्तीच्या. धोंडुबाईच्या. आमी जतकडचं."

नाकेदाराच्या हातातला पेन थांबला. "धोंडुबाई? बिरुबाच्या जत्रंला रातभर म्हणायची ती? उजव्या गालावर गोंदलेली?"

"व्हय."

"आगं, माझी आई त्या जत्रंला पोट घिऊन गेलती. धोंडुमावशीनं पाळणा म्हटला, आन् मी सकाळी जलमलो!" त्याने पेन खिशाला लावला. "आई शेवटपतुर सांगायची, तुजा पैला आवाज मावशीच्या ओवीत मिसळला म्हणून. बसा. ज्योतिबा, च्या सांग रं!" त्याने नाक्यावरच्या पोऱ्याला हाक दिली.

मी तिथेच बाकावर बसलो. दादासोंच्या ओळखी कुठवर जातात ते मी मोजत आलो होतो, पण माझ्याच घरात अशी ओळख बसली आहे याचा मला पत्ता नव्हता. ती आत्या आमच्याकडे आली की मी तिला नुसता वाकून नमस्कार करायचो आणि पेपर वाचायला बसायचो.

पुढची गाडी यायला वेळ होता, म्हणून नाकेदाराने मार्केट यार्डाकडे निघालेला हळदीचा टेम्पो थांबवला आणि आम्हाला पेटीसकट पोत्यांमध्ये बसवून विश्रामबागपर्यंत सोडायला लावलं. एक पोतं फुटकं होतं. राजरत्नच्या दारात उतरलो तेव्हा चादर, पेटी, सोनिया आणि मी सगळे एकाच रंगाचे झालो होतो.

"हे काय सर," राजरत्न म्हणाला, "जत्रेतून आलात?"

त्याने पेटी पुसली, जोडली, चालू केली. तेच वाक्य. ओळखत नाही. सोनियाने माझा दंड घट्ट धरला. राजरत्नचं लक्ष पडद्याच्या कडेला गेलं आणि तो हसला. "ऐंशी साल? अरेच्चा. मग बरोबर आहे."

त्याने पेटी उघडून आतून रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल काढला. तो पूर्ण संपलेला होता. वीज बंद असतानाही संगणकाला घड्याळ आणि आपल्या आतल्या वस्तूंची ओळख लक्षात राहावी, यासाठी तो असतो म्हणे. सेल संपला की यंत्र सगळं विसरतं. तारीख विसरतं आणि घरची डिस्कही विसरतं. "डिस्क मात्र काहीच विसरलेली नाही," राजरत्न म्हणाला. "हाच तिला विसरला होता."

म्हणजे सोनिया पहिल्याच सकाळी म्हणाली होती तेच. मी तिच्याकडे पाहिलं. ती मला काहीतरी बोलेल म्हणून मी मनाची तयारी केली. पण तिचं लक्षच नव्हतं. नवा सेल बसला होता, पडद्यावर ओव्या आल्या होत्या, आणि ती ओठांतल्या ओठांत वाचत होती. तिच्या हळद लागलेल्या गालांवरून पाण्याचे दोन ओघळ उतरत होते. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की मी राजरत्नला मिठी मारली आणि त्याचा शर्टही पिवळा केला. या वेळी लाईट गेली नाही. आम्ही फ्लॉप्यांवर कॉप्या घेतल्या. पहिली सोनियासाठी, दुसरी तिच्या मार्गदर्शकांसाठी, आणि तिसरी मी स्वतःच्या खिशात ठेवली. राजरत्नला वाटेल ते वाटो.

प्रबंध वेळेत दाखल झाला. दिवाळीत सासरे धोंडुबाई आत्याला घेऊन साताऱ्याला आले. सासरे नेहमीप्रमाणे गॅलरीत दातांच्या खुर्चीवर बसले. या वेळी मी पेपर बाजूला ठेवला आणि आत्यासाठी संगणकासमोर पाट मांडला. आत्याने आधी कनवटीचा भंडारा काढला आणि "बिरुबाच्या नावानं" म्हणत मूठभर त्या पेटीवर उधळला. मी डोळे मिटले. पण हळदीशी त्या पेटीची आता चांगली ओळख होती, ती सुरळीत चालू झाली.

"माजं समदं ह्येच्यात हाय व्हय?" आत्याने विचारलं.

सोनियाने एक पान काढून वाचायला घेतलं, "मेंढरांच्या गं मागं, वाट लांबवर गेली…"

पुढची ओळ तिला वाचावी लागलीच नाही. धरलेल्या घशाने आत्याच म्हणाली, "मातीनं माझ्या बाई, पावलं जपून ठेविली." आणि थांबली नाही. तिसरी म्हणाली, चौथी म्हणाली. सोनिया पडद्यावर शोधू लागली आणि मग तिचे हात थांबले.

"आत्ती, ही यात न्हाई. ही कवा सांगितली न्हवतीस!"

"तवा आठवली न्हवती. तू वाचलीस तवा आठवली."

सोनियाने कीबोर्ड पुढे ओढला. प्रबंध बांधून गेलेला, पण ती टाइप करत होती, आणि आत्या पडद्याकडे बघत एकेक चरण तोलून म्हणत होती. टेपरेकॉर्डरसमोर पदर तोंडाला लावणारी तीच आत्या. एवढं झाल्यावर तिने हात लांब करून पेटीवरून मायेने फिरवला.

"आता इसरू नगंस रं बाबा," ती त्याला म्हणाली.

तो नवा सेलवाला, तो कशाला विसरतोय. तरीसुद्धा मी गुपचूप खिशातली फ्लॉपी काढून नव्या ओव्यांसाठी आत सरकवली.